काळ्या अस्तरावरची ओळ

गल्लीच्या तोंडाशी आक्काचं शिलाईचं दुकान होतं, आणि शटरला लागून भिंतीवर एक काळा फळा टांगलेला होता. फळा काही फार मोठा नव्हता. एका माणसाने दोन्ही हात पसरले की संपायचा. पण गल्लीतल्या सात इमारतींचं बरंचसं आयुष्य त्या फळ्यावरून चालायचं. कोणाला माळ्यावरचं कपाट उतरवायला दोन माणसं हवीत, कोणाचं मांजर दोन दिवस घरी आलेलं नाही, कोणाकडे बाळ झालंय आणि दुपारी तासभर त्याच्याजवळ कोणी बसेल का, असल्या बातम्या. वर्तमानपत्रातल्या बातम्यांचं आपण काही करू शकत नाही. फळ्यावरच्या बातमीचं करता यायचं. म्हणून लोक वर्तमानपत्र चहा पिताना वाचत आणि फळा चपला घालून वाचत.

लिहायची ती आक्का. कापडावर खुणा करायचा शिंप्याचा चपटा खडू असतो, त्यानेच. तिचं अक्षर जरा वेगळं होतं. प्रत्येक अक्षर आपापल्या पायावर ताठ उभं, शेजाऱ्याला खेटायचं नाही आणि त्याच्यापासून फार लांबही जायचं नाही.

फळ्याचा नियम एकच होता. जो काम पत्करेल त्याने ती ओळ आपल्या तळहाताने पुसायची. ओळ गेली की समजायचं, कामाला माणूस मिळाला. मग दुसऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही आणि कोणी पुसली हेही विचारायचं नाही, कारण मदतीचा गाजावाजा आक्काला खपत नसे. पांढरा तळहात घेऊन कोणी गल्लीतून जाताना दिसलं तर लोक फार तर हसत. आणि दुकान बंद करताना एखादी ओळ उरलीच, तर ती आक्काची. ती स्वतः पुसायची आणि स्वतः जायची. अकरा वर्षं हे असं चाललं होतं.

अकरा वर्षांपूर्वी आक्काचा नवरा अंथरुणाला खिळला होता. गल्लीतली माणसं चांगली. न बोलावता आली. एका दिवशी पाच घरांतून जेवणाचे डबे आले आणि दुसऱ्या दिवशी एकही आला नाही. नवरा उशीला टेकून म्हणाला, "माया भरपूर आहे गं यांच्याकडे, कोणीतरी टाइमटेबल करून द्यायला पाहिजे." तो गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तिने फळा टांगला.

लिहायला तिला नकाशेकाकांनी शिकवलं होतं. काका दोन नंबरच्या इमारतीत सगळ्यात वर राहायचे, एकटेच. इमारतींचे, पुलांचे, रस्त्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. आक्का चाळिशीपर्यंत मापं खुणांनी लिहायची. कंबर म्हणजे आडवी रेघ, बाही म्हणजे तिरकी, छाती म्हणजे गोल. एकदा काकांच्या शर्टाच्या बाहीचं माप तिने पँटच्या कंबरेच्या खुणेसमोर टाकलं, आणि पँट अशी झाली की काका म्हणाले, "ही मला पुढल्या जन्मी बसेल." दुसऱ्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागले. बेतायच्या खाकी कागदावर पट्टी ठेवून त्यांनी तिला पहिला शब्द गिरवायला दिला, तो 'कंबर'. ती साठीला आली तरी काका तिला विद्यार्थिनीच म्हणायचे.

या काकांनी अकरा वर्षांत फळ्यावर स्वतःसाठी एक अक्षर लिहू दिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या ओळी मात्र त्यांनी कितीतरी पुसल्या होत्या. मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती आणि सरळ रेघ वाकडी दिसायला लागली होती. "आयुष्यभर सरळ रेघा मारल्या," ते म्हणायचे, "आता माझ्याच खिडकीची चौकट मला वेडावून दाखवते." डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन द्यायचं सांगितलं होतं, आणि वेळेवर दिलं नाही तर जेवढं जाईल तेवढं परत येणार नाही असंही बजावलं होतं. ते डॉक्टर बाहेरगावचे, नेत्रदवाखान्यात महिन्यातून एकदाच, पहिल्या बुधवारी यायचे. एक डोळा बांधून घरी परतायचं म्हणजे सोबत हवीच.

मंगळवारी दुपारी चार वाजता काका दुकानात आले, टाचण्यांच्या डबीशी उगाच चाळा करत बसले, आणि शेवटी म्हणाले, "लिही बाई. पण नाव घालू नकोस."

"मीच येते की, काका."

"तू रोजच उपयोगाला येतेस. मला बघायचंय, मी न सांगता कोणी येतं का." मग स्वतःच हसले. "म्हणजे सांगून, पण नाव न सांगता."

आक्काने फळ्याच्या उजव्या बाजूला, खाली, लिहिलं: 'दोन नंबर, वरचा मजला. नेत्रदवाखान्यात न्यायला सोबत हवी. बुधवारी सकाळी नऊ.' त्या दिवशी फळ्यावर तेवढी एकच ओळ होती.

साडेपाचला बाजारातून तिचा अस्तराचा तागा आला. काळं, गुळगुळीत अस्तर. उरलेला अर्धाच तागा, वर साधा कागदही गुंडाळलेला नव्हता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून आधी जागा करावी असं म्हणून तिने तागा बाहेर भिंतीला टेकवून ठेवला आणि आत जाऊन शिवलेले कपडे फळीवर चढवले. मग तागा खांद्यावर घेतला आणि आणून कोपऱ्यात उभा केला. सहाला शटर ओढताना तिने फळ्याकडे पाहिलं. ओळ गेलेली होती. तिचा जीव भांड्यात पडला. दोन तासांत माणूस मिळाला, आणि तोही नाव न घालता. काकांना सकाळी किती बरं वाटेल, असं मनात म्हणत ती घरी गेली.

बुधवारी साडेअकराला रेडिओकाकू दुकानात आल्या. काकू चार नंबरमध्ये पहिल्या मजल्यावर राहायच्या आणि खिडकीत बसून गल्लीचं प्रक्षेपण करायच्या, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"आक्का, नकाशेकाका नवापासून खाली दारात उभे आहेत गं. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. मला वाटलं कोणी यायचंय, म्हणून मी काही बोलले नाही. आता ते पायरीवर बसलेत."

आक्काच्या हातातली कात्री कापडातच राहिली. ती सुनेला दुकान सांभाळायला सांगून तशीच पळाली, काकांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर अकरालाच निघून गेले होते. खिडकीतल्या बाईने पुढच्या महिन्याची तारीख दिली.

 परत आल्यावर, जिना चढून दाराशी पोचल्यावर काका म्हणाले, "लिहिलं होतंस ना तू?"

"तुमच्यासमोरच लिहिलं, काका. कोणीतरी पुसलंसुद्धा."

"पुसलं आणि आलं नाही." त्यांनी किल्ली कुलपाभोवती दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा लागली. "असू दे. माझी ओळ पुन्हा लिहू नकोस."

त्या संध्याकाळी दुकानापुढे सात-आठ माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, जो अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. कोणी पुसली?

"मी नाव घेत नाही," रेडिओकाकू म्हणाल्या, आणि सगळ्यांना कळलं की त्या नाव घेणार. "पण काल साडेपाचला वायरमन माझ्या खिडकीखालून गेला. हात मनगटापर्यंत पांढरा. मी विचारलं, काय रे, कोणाचं काम घेतलंस? तर हसत म्हणाला, सगळ्यांचंच."

वायरमन पाच नंबरमध्ये राहायचा, बायको आणि दोन मुलींबरोबर. बोलायला फटकळ, पण कोणाच्या घरातली वीज गेली की जेवणाच्या ताटावरून उठून यायचा. तो घोळक्यातच उभा होता. त्याने हात वर करून सगळ्यांना दाखवला. "पुट्टी होती ती. सहा नंबरच्या भिंतीत वायर घालून खाच बुजवत होतो. गंमत केली मी काकूंशी."

"सहा नंबरवाले तर गावाला गेलेत," कोणीतरी म्हणालं.

"किल्ली माझ्याकडे देऊन गेलेत."

 विश्वास ठेवला नाही असं कोणी म्हटलं नाही. लोक हळूहळू पांगले, आणि त्याच्या बाजूने जाणारे जरा लांबून गेले एवढंच.

गुरुवारी दुपारी एका कोटाला अस्तर लावायचं होतं. सून दुसऱ्या मशीनवर काज करत होती. आक्काने नवा तागा टेबलावर आडवा टाकला आणि सगळ्यात वरचा पदर उलगडला. काळ्या कापडावर पांढरं काहीतरी दिसलं. धूळ असेल म्हणून तिने झटकायला हात उचलला आणि तसाच थांबवला. एका कडेला पांढरा फराटा होता, पण त्याच्या आधी, जिथे तागा पहिल्यांदा टेकला असणार तिथे, अक्षरं उमटली होती. उलटी. ताठ उभी.

तिने पदर उचलून गिऱ्हाइकाच्या आरशासमोर धरला. आरशात तिला तिचंच अक्षर दिसलं. 'वारी सकाळी नऊ.'

 तिने भिंतीला टेकवलेला तागा डोळ्यांसमोर आला, आणि ती भिंत कुठली, तेही. नऊ ते साडेअकरा वाट बघत राहिलेले काका डोळ्यांसमोर आले. मग पांढऱ्या हाताचा वायरमन.

"काय झालं, आई?" सुनेने मशीन थांबवून विचारलं.

"काही नाही. डाग आहे जरासा." तिने तागा गुंडाळला, त्यावर जुनी चादर टाकली, आणि फळीवरून राखाडी अस्तर काढलं.

"काळ्या कोटाला राखाडी?"

"शोभतं," आक्का म्हणाली. सुनेने तिच्याकडे पाहिलं, राखाडी कापडाकडे पाहिलं, आणि पुन्हा मशीन चालू केलं. चाळीस वर्षं शिवणारी बाई असं का म्हणते हे तिला समजलं नाही, पण सासूला एवढं तोडून बोलताना तिने ऐकलं नव्हतं.

आक्काने काहीच करायचं नाही असं ठरवलं नव्हतं. सांगायचं तर होतंच. फक्त कसं, एवढं बघायचं होतं. फळा तिचा, नियम तिचा. लोकांना शिस्त लावणारी ती. तळहातानेच पुसा, फडकं लावू नका, म्हणून पोरासोरांना दटावणारी ती. तिच्याच हातून ओळ गेली हे कळलं तर उद्यापासून फळ्यावर कोण विश्वास ठेवील? फळा बंद पडला तर नुकसान गल्लीचंच नाही का? असा विचार केला की तिला तो पटायचा. आणि पटला की लाज वाटायची.

तेवढ्यात दारात वायरमन आला. हातात फाटलेली पिशवी, शिवून घ्यायला आणलेली. पण पिशवी हे निमित्त होतं.

"आक्का, एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्हालाही वाटतं, ओळ मी पुसली म्हणून?"

तागा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता, चादरीखाली.

"नाही रे. मला नाही वाटत," आक्का म्हणाली.

त्याने श्वास सोडला. "बास. तुम्ही म्हणालात ना, मग बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे. सकाळी तीन नंबरवाल्यांनी पंखा लावायला दुसऱ्याला बोलावलं. मी जिन्यातच होतो. त्यांना वाटलं मला दिसलं नाही." पिशवी टेबलावर ठेवून तो गेला.

खरं बोलूनही खोटं कसं बोलता येतं, ते आक्काला त्या दिवशी कळलं. तिने पिशवीचा बंद शिवला, उसवला, पुन्हा शिवला.

शुक्रवारी फळा कोरा होता. गुरुवारीही कोराच होता, पण तेव्हा तिने मनावर घेतलं नव्हतं. कोरा फळा म्हणजे गल्लीत कोणाचं काही अडलेलं नाही असं थोडंच असतं? दुपारी चार नंबरमधून काहीतरी घासल्याचा आवाज आला. आक्का बघायला गेली. रेडिओकाकू एक जाडजूड गादी एकट्या जिन्यावरून वर ओढत होत्या. त्यांच्या यजमानांची पाठ धरली होती, डॉक्टरांनी कडक गादी सांगितली होती, आणि गादी आणणाऱ्याने ती खालीच टाकून पळ काढला होता. गादी वळणावर अडकली होती आणि काकू तिच्याशी भांडत होत्या. आक्का पुढे होणार, तेवढ्यात बाहेरून वायरमन आला, हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि गादीच्या दुसऱ्या टोकाला हात घातला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "होईल माझं."

"कसं होईल? वळणावर उभी करावी लागेल."

"म्हटलं ना, राहू दे."

त्याने हात काढला, पेटी उचलली आणि निघून गेला. काकूंनी आणखी दोनदा जोर लावला, मग गादी तिथेच सोडून वर गेल्या. वर जाताना त्यांनी डोळे पुसले की घाम, हे आक्काला खालून दिसलं नाही.

आक्का दुकानात परत आली आणि चादर काढून तिने तागा मोकळा केला.

शनिवारी सकाळी ती तो पदर कापून, घडी करून काकांकडे गेली. काकांच्या खोलीत उताराचं नकाशाचं टेबल अजून खिडकीशी होतं. त्यावर आता कागद नव्हता, औषधाच्या बाटल्या होत्या, आणि त्या घसरू नयेत म्हणून खाली पट्टी आडवी लावलेली होती.

"कोण, विद्यार्थिनी? पावलं का जड पडतायत?"

तिने कापड टेबलावर पसरलं. काका वाकले, मान डावीकडे उजवीकडे करून पाहिलं. "काळं आहे, एवढं दिसतंय."

"त्यावर तुमची ओळ आहे, काका. उलटी." आणि तिने सगळं सांगितलं. तागा, भिंत, आरसा. गुरुवारी कळलं तेही, आणि वायरमन दारात उभा असताना आपण मूग गिळून बसलो तेही.

काका बराच वेळ कापडावरून बोट फिरवत राहिले, जसं काही ते वाचता येणार होतं.

"म्हणजे कोणी आलंच नाही, कारण कोणाला कळलंच नाही," ते म्हणाले.

"हो."

"तीन दिवस मी आठवत बसलोय, मी कोणाला काय बोललो असेन. अठ्ठावीस वर्षं राहतोय इथे. सहा नंबरवाल्याला एकदा गाडी दारात लावतो म्हणून ओरडलो होतो. तीन नंबरच्या बाईंना एकदा म्हणालो होतो, तुमचा मुलगा नकाशा नाही, नुसत्या शेवया काढतो. म्हटलं, लोकांनी मनात ठेवलं असणार." ते खुर्चीत बसले. "आणि निघालं काय, तर अस्तर."

"माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला. महिनाभरात डोळ्याचं काही झालं तर..."

"व्हायचं ते होईल. तुझ्यामुळे झालं तर तुझ्यामुळे झालं असं म्हणेन. तुला बरं वाटावं म्हणून खोटं नाही बोलणार." हे ते रागाने बोलले नाहीत, मापं सांगावीत तसं बोलले. मग म्हणाले, "पण तुझा नियमच कच्चा होता, बाई. आमच्या कचेरीत काम घेणारा नकाशाच्या कोपऱ्यात आपली खूण करायचा. खोडायचा अधिकार त्याला नव्हता. ज्याने नकाशा मागवला तोच काम बघून खोडणार. तुझ्याकडे उलटं. काम घेतलं की खोडलं. मग झालं की नाही, बघणार कोण?"

"मग अकरा वर्षांत एकदा तरी सांगायचं ना."

"तू विचारलंस कधी? तूच तर म्हणायचीस, गाजावाजा नको."

आक्काला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडूही. काकांनी मान खिडकीकडे वळवली.

"माझी ओळ मात्र आता लिहू नकोस," ते म्हणाले. "एकदा मागायलाच मला अकरा वर्षं लागली. पुन्हा जमायचं नाही."

तिथून ती पाच नंबरला गेली. वायरमन शिडीवर चढून जिन्यातला दिवा बदलत होता. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आक्काने शिडीचे पाय धरले आणि वर न बघता बोलायला सुरुवात केली. बघितलं असतं तर बोलणं झालं नसतं. वरून दिवा फिरवल्याचा आवाज येत होता, तो मधेच थांबला.

"म्हणजे मी पिशवी घेऊन आलो तेव्हा?"

"तागा तिथेच होता. चादरीखाली."

"आणि मी तुम्हाला बास म्हणालो."

"हो."

 शिडी किंचित हलली.

"नीट धरा," तो म्हणाला. दिवा लावून खाली उतरला, हात पँटला पुसले. "मला सांगून काय होणार आहे, आक्का? मला माहीतच होतं मी पुसली नाही. जिथे लोकांनी वाचायचं तिथे लिहा."

"लिहिणारच आहे."

"आणि गुरुवारचंही लिहा. नुसता तागा नको."

"तेही लिहिते," आक्का म्हणाली. तागा लिहिणं सोपं होतं.

तिने फळा भरून लिहिलं. खडूचे दोन तुकडे झाले. 'बुधवारची ओळ कोणी पुसली नव्हती. मी फळ्याला तागा टेकवला, त्याने ती गेली. कापड शेजारी टांगलं आहे, बघा. वायरमनच्या हाताला पुट्टीच होती. हे मला गुरुवारी दुपारी कळलं. गुरुवारी त्याने मला विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही. आज सांगते. यापुढे काम घेणाऱ्याने ओळीखाली आपली खूण करायची. पुसायचं ज्याने मागितलं त्याने, काम झाल्यावर. आक्का.'

फळ्याशेजारी खिळ्याला तिने काळा पदर टांगला आणि त्याच्यासमोर दुकानातला हातआरसा दोरीने बांधला. मग आत जाऊन मशीनवर बसली, पाठ दाराकडे करून.

लोक आले. कोणी वाचून गेले, कोणी आरशात डोकावून पाहिलं. एकजण मोठ्याने म्हणाला, "अकरा वर्षं आम्हाला शिस्त लावली, आणि बाईंचा तागाच फितूर निघाला." काहीजण हसले. तीन नंबरच्या बाई आत आल्या, आपलं शिवायला टाकलेलं कापड तसंच परत मागितलं आणि घेऊन गेल्या. आक्काने ते घडी घालून दिलं. तेवढं होणारच होतं.

रेडिओकाकू फळ्यापुढे बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचा आवाज आला नाही, म्हणून आक्काने मान वळवून पाहिलं. काकू आत आल्या, टेबलावरचा खडू उचलला, बाहेर गेल्या आणि फळ्याच्या तळाशी उरलेल्या बोटभर जागेत बारीक अक्षरात लिहिलं: 'चार नंबर. गादी अजून जिन्यातच आहे.'

संध्याकाळपर्यंत लोक गादी ओलांडून ये-जा करत होते. सहाच्या सुमारास त्या ओळीखाली कोणीतरी विजेच्या दिव्याचं चित्र काढलेलं होतं. थोड्या वेळाने चार नंबरमधून दोघांचा वाद ऐकू आला, गादी आधी उभी करायची की आडवी, आणि आक्काने मशीनचा वेग वाढवला.

वायरमन त्यानंतर दुकानात यायचा, पिशवी घेऊन गेला, बोलायचाही. पण पहिल्यासारखा टेबलावर रेलून नाही. आक्काने त्याबद्दल काही म्हटलं नाही. उसवलेली शिवण पुन्हा घातली तरी सुईची जुनी भोकं काही दिवस दिसतातच.

पुढच्या महिन्याचा पहिला बुधवार जवळ आला. सोमवारी आक्का काकांकडे जाऊन बसली आणि मी येते म्हणाली, तर काका म्हणाले, बघू. मंगळवारी सकाळी तिने शटर उघडलं तेव्हा फळ्यावर एक ओळ आधीच लिहिलेली होती. अक्षर वाकडंतिकडं, तारांच्या गुंत्यासारखं. 'पाच नंबर. वायरमनला उद्या सकाळी नऊला नेत्रदवाखान्यात दिव्यांचं काम बघायला जायचंय. रस्त्याने एकट्याला कंटाळा येतो. कोणी सोबत येईल का.'

दुपारी काका जिना उतरून आले, भिंतीला हात लावत लावत. "काय गं, आज काही बातमी?"

आक्काने ती ओळ वाचून दाखवली. काकांनी ऐकली, आणि पुन्हा वाचायला सांगितली.

"दिव्यांचं काम, म्हणे," ते म्हणाले. "लबाड आहे. नेत्रदवाखान्यात कसले दिवे बघतोय हा."

"काय सांगू त्याला?"

"तू कशाला सांगतेस? खडू दे."

तिने खडू त्यांच्या बोटांत दिला आणि त्यांचा हात ओळीखाली नेऊन ठेवला. काकांनी डावा हात पट्टीसारखा फळ्यावर दाबला आणि त्याच्या कडेने उजव्या हाताने एक आडवी रेघ ओढली. वीतभर. नकाशे काढणाऱ्याची खूण आणखी काय असणार. मग एक पाऊल मागे होऊन मान तिरकी करून पाहिलं.

"सरळ आली का?"

आक्काने पाहिलं. तिला पटकन हो म्हणता आलं असतं.

"शेवटी जरा खाली उतरलीय, काका."

"मग जायलाच हवं," काका म्हणाले. "मला ती वर चढलेली दिसत होती."